पट्टीआधी पाय

तळपायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, याचं पहिलं कारण माणूस तिच्यावर चालतो हे आहे. मधुमेहानं किंवा कुष्ठरोगानं पायाच्या नसा बधिर झाल्या की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की लंगडणंही थांबतं. ज्याला खडा टोचलेला कळतो तो पाय उचलतो. ज्याला कळत नाही तो दिवसभर त्याच खड्यावर अख्खं वजन टाकून धानाची रोवणी करतो, आणि संध्याकाळी चिखल धुताना पाणी लाल झालं की त्याला जखमेचा पत्ता लागतो. छत्तीसगडच्या धानाच्या मुलखात ही गोष्ट कोणत्याही गावच्या दवाखान्यात ऐकायला मिळेल.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचं आहे ते एका अतिशय देखण्या संशोधनाबद्दल आहे, आणि त्या देखणेपणात पाय विसरला जाण्याची भीती मला खरोखर वाटते. जुनाट जखमांवर नॅनोतंतूंची पट्टी हा सध्या जगभरातल्या प्रयोगशाळांचा आवडता विषय आहे. रायपूरही त्यात मागे नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र संस्थेतले संशोधक जखम भरून आणणाऱ्या नव्या द्रव्यांवर दहाएक वर्षांहून अधिक काळ लिहीत आले आहेत. शहरात एनआयटी आहे, 2012 पासून एम्स आहे. यंत्र, रसायन आणि रुग्ण ही तिन्ही एका शहरात असण्याचं भाग्य फार थोड्या ठिकाणांना लाभतं. मग पट्टी कशी असावी हे कोणाला विचारून ठरवायचं, एवढाच प्रश्न उरतो. आज ते बहुतेक ठिकाणी यंत्राला विचारून ठरतं. ते पायाला विचारून ठरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ही पट्टी बनते कशी ते पाहण्यासारखं आहे. सिरिंजमध्ये पॉलिमरचं दाट द्रावण भरतात. सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब देतात आणि वीतभर अंतरावर धातूचा पत्रा किंवा फिरता दंडगोल ठेवतात. सुईच्या टोकावरचा थेंब विजेनं ओढला जाऊन निमुळता होतो. त्याला टेलर शंकू म्हणतात, कारण जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1964 मध्ये त्याचं गणित मांडलं. शंकूच्या टोकातून एक बारीक धार सुटते, वेटोळी घेत भिरभिरते, तेवढ्यात द्रावक हवेत उडून जातो आणि पत्र्यावर नुसता तंतू येऊन पडतो. बऱ्याच वेळानं पत्र्यावरून जे सोलून निघतं ते कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं पातळ असतं. तंतूची जाडी साधारण 50 ते 500 नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. आपल्या त्वचेखाली पेशींना धरून ठेवणारे कोलॅजनचे धागेही याच मापाचे असतात, आणि या सगळ्या खटाटोपाचं मर्म तिथे आहे. जखमेच्या कडेची पेशी पुढे सरकायला आधार शोधत असते, आणि तिला ओळखीच्या मापाचा आधार द्यायचा असतो. पद्धत म्हणाल तर जुनी आहे. तिची पहिली पेटंटं 1902 सालची, आणि जर्मनीच्या अँटोन फॉरमाल्सचं प्रसिद्ध पेटंट 1934 चं. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या अॅक्रन विद्यापीठात तिला पुन्हा हात लागला आणि तिथून आजची लाट आली.

जुनाट जखमेला अशा आधाराची गरज का पडते? साधी जखम ठरल्या पायऱ्यांनी भरते. रक्त थांबतं, सूज येते, पांढऱ्या पेशी घाण साफ करतात, मग लालसर दाणेदार मांस वर येतं आणि कडेनं नवी कातडी चढते. जुनाट जखम सुजेच्या पायरीवरच अडकून बसते. जंतू एकेकटे न राहता स्वतःभोवती चिकट थर करून राहतात, त्या थरात औषध शिरत नाही. साफसफाईला आलेल्या पेशी प्रथिनं कापणारी विकरं सोडत राहतात, आणि ती विकरं घाणीबरोबर नवं कोलॅजनही कापून टाकतात. शरीर एका हातानं विणतं आणि दुसऱ्या हातानं उसवतं.

त्यात आपण गॉज लावतो. सरकारी दवाखान्यातलं ड्रेसिंग ज्यानं जवळून पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. कालचा गॉज लस पिऊन वाळलेला असतो, त्याच्या जाळीत नवं मांस शिरलेलं असतं. ड्रेसर सलाइन ओततो, थोडं थांबतो, रांग मोठी असेल तर थांबत नाही, आणि कोपऱ्याला धरून खेचतो. गॉजबरोबर काल रात्रीत भरलेलं सगळं निघून येतं. बधिर पायाचा माणूस हूं की चूं करत नाही, म्हणून हात हलका ठेवायची आठवणही कोणाला होत नाही. वर कधी हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात, ते फेसाळतं, जखम स्वच्छ झाल्यासारखी वाटते, आणि जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. जखम ओलसर ठेवली तर लवकर भरते हे जॉर्ज विंटरनं डुकरांवरच्या प्रयोगातून 1962 मध्येच दाखवलं होतं. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं चढली. साठ वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे 'जखमेला हवा लागू द्या' हा सल्ला घरोघरी दिला जातो.

नॅनोतंतूंची पट्टी यातल्या बऱ्याच गोष्टींवर उतारा आहे, हे मी मनापासून मानतो. तिची भोकं जंतूपेक्षा बारीक ठेवता येतात, पण वाफ आणि प्राणवायू आरपार जातो. ती लस शोषते आणि जखम कोरडी पडू देत नाही. विरघळणाऱ्या पॉलिमरची केली तर ती ओरबाडून काढावी लागत नाही. तंतूंच्या पोटात औषध भरता येतं. अमेरिकेत अशा कृत्रिम तंतूंच्या जाळीला 2017 पासून बाजारात परवानगी आहे. इस्रायलमध्ये तर हातात धरायच्या छोट्या यंत्रानं भाजलेल्या अंगावर थेट तंतूंचा थर फवारायची सोय झाली आहे. हे काही हवेतले इमले नाहीत.

तरीही शोधनिबंध वाचताना एक गोष्ट खटकत राहते. बहुतेकांत पट्टी उंदरावर तपासलेली असते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक सैल थर असतो, त्याच्या जोरावर त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची जखम तळातून भरत, कडेनं कातडी चढवत बरी होते. त्या उंदराला मधुमेह असला तरी तो इंजेक्शन देऊन काही आठवड्यांपूर्वी आणलेला असतो, जखम पाठीवर असते आणि ती कालच निर्जंतुक सुरीनं केलेली असते. पंधरा वर्षं साखर वाढलेल्या, नस गेलेल्या, सहा महिने वास येणाऱ्या तळपायाशी तिचं नातं फार दूरचं आहे. पाठीवर उंदीर चालत नाही, हेही विसरू नये. शिवाय तंतूत भरलेलं औषध पुष्कळदा पहिल्या काही तासांतच बाहेर पडून जातं. भोकं इतकी बारीक असतात की जंतूंबरोबर आपल्या पेशींनाही आत शिरणं जड जातं. आणि एका सुईतून तासाला फार तर एखादा ग्रॅम माल निघतो. या अडचणींवर उपाय शोधले जात आहेत, काही सापडलेही आहेत. पण 'चौदाव्या दिवशी जखम इतके टक्के लहान झाली' हे उंदराचं वाक्य रायपूरच्या रुग्णाला जसंच्या तसं देऊ करणं अन्यायाचं होईल.

मग रुग्णाला काय ठाऊक आहे? इथे रायपूरहून उत्तर-पूर्वेला, बिलासपूरच्या पुढे चांपाला जायला हवं. चांपाजवळच्या सोठीला सदाशिव गोविंद कात्रे यांनी 1962 मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. कात्रे स्वतः कुष्ठरुग्ण होते. आजारानं घरदार सुटलेल्या माणसांनी भीक न मागता शेती करावी, स्वतःच्या जखमा स्वतः धुवाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट 1970 च्या दशकात तिथे आले आणि 2019 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण, वरोऱ्याला बाबा आमटे आणि चांपाला कात्रे-बापट, अशी ही मराठी माणसांची एक ओळ आहे. महाराष्ट्रात पहिल्या दोघांबद्दल जितकं बोललं जातं त्याच्या दहाव्या हिश्शानंही तिसऱ्या ठिकाणाबद्दल बोललं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

छत्तीसगडमध्ये हे काम संपलेलं नाही. भारतानं डिसेंबर 2005 मध्ये कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आणलं, पण छत्तीसगड त्या रेषेच्या वर राहिलेल्या मोजक्या राज्यांत होतं आणि पुढेही राहिलं. औषधानं जंतू मरतो, गेलेली नस परत येत नाही. म्हणजे रोग बरा झालेली हजारो माणसं बधिर पाय घेऊन पुढची तीस-चाळीस वर्षं चालणार आहेत. आणि आता त्यांच्या रांगेत मधुमेही येऊन उभे राहिले आहेत. आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत तळपाय जपायची एक साधी रीत शिकवतात. रोज संध्याकाळी पाय वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचे. कातडी मऊ झाली की जखमेच्या कडेचा घट्टा खरखरीत दगडानं हलक्या हातानं घासायचा. ओल्या पायावरच तेल चोळायचं, म्हणजे पाणी आत राहतं आणि भेगा पडत नाहीत. मग आरशात किंवा शेजाऱ्याकडून तळवा बघून घ्यायचा. घट्टा घासणं वरवर क्षुल्लक दिसतं, पण जखमेभोवतीची ती कडक कड पावलागणिक आतल्या मांसावर दाब आणत असते. ती काढली की निम्मं भांडण मिटतं.

यामागचं शास्त्र वेल्लूरला उलगडलं. पॉल ब्रँड 1946 मध्ये तिथे शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरुग्णाचं मांसच सडकं असतं, म्हणून त्याची जखम भरत नाही, असा तेव्हा डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की त्याचं मांस इतर कोणाच्याही मांसासारखंच भरतं, फक्त त्याला विश्रांती मिळत नाही, कारण वेदना नावाचा पहारेकरी उठून गेलेला असतो. पायाला घट्ट बसेल असं प्लास्टर घालून वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून द्यायची पद्धत सिलोन आणि भारतातल्या कुष्ठरोगाच्या डॉक्टरांनी 1930 च्या दशकातच वापरली होती. ब्रँड यांनी ती पक्की केली, 1960 च्या दशकात अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला नेली, आणि तिथून ती मधुमेही पायांच्या उपचारात शिरली. आज मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तळव्याच्या जखमेसाठी पहिली पसंती काढता न येणाऱ्या, गुडघ्यापर्यंतच्या अशा आधारालाच आहे. श्रीमंत देशांतल्या मधुमेह्याचा सर्वांत भरवशाचा उपचार हा आपल्याकडच्या, वाळीत टाकलेल्या माणसांच्या पायांवर शिकलेला आहे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत प्लास्टर घातलेल्यांपैकी 89.5 टक्के जखमा बारा आठवड्यांत भरल्या. काढता येणाऱ्या बुटात हे प्रमाण 65 टक्के होतं आणि अर्ध्या बुटात 58.3 टक्के. त्याच गटानं नंतर रुग्णांची पावलं मोजली, तेव्हा काढता येणारा बूट त्यांनी दिवसभराच्या हालचालीपैकी फक्त 28 टक्के हालचालीतच घातला होता असं निघालं. घरातल्या घरात कोण बूट घालतं? दुसरा आकडा पट्टीचा. आजवरच्या पट्ट्यांमध्ये उत्तम पुरावा असलेल्यांपैकी एक म्हणजे सुक्रोज ऑक्टासल्फेटची पट्टी. जखम चिघळवणाऱ्या त्या विकरांना ती आवर घालते. रक्तपुरवठाही कमी पडलेल्या पायांवरच्या 2018 च्या युरोपीय चाचणीत वीस आठवड्यांत तिनं 48 टक्के जखमा भरल्या, साध्या पट्टीनं 30 टक्के. फरक खरा आहे, मोलाचा आहे. रुग्ण वेगळे असल्यानं दोन चाचण्यांची थेट तुलना करता येत नाही, हेही मान्य. पण वजन उतरवण्याची ताकद किती आणि पट्टीची किती, याचा अंदाज यातून नक्की येतो.

कोणी म्हणेल, मग नॅनोतंतू हवेतच कशाला? प्लास्टर घाला, चपला द्या, घट्टे घासा. गरिबांच्या पायावर हजारो व्होल्टची करामत कशासाठी? हा आक्षेप सद्‌भावनेचा आहे, पण मला तो पटत नाही. गॉज स्वस्त दिसतो तो दवाखान्याच्या हिशोबात. रुग्णाच्या हिशोबात रोजच्या ड्रेसिंगला बसचं भाडं आहे, बुडालेली मजुरी आहे, सोबत आलेल्या मुलाची शाळा आहे. रोज बदलावी लागणारी फुकट पट्टी ही आठवडाभर टिकणाऱ्या विकतच्या पट्टीपेक्षा महाग पडू शकते. गरिबाला साधंच पुरतं, असं म्हणून चांगली वस्तू त्याच्या दारापर्यंत येऊच न देणं हा अन्याय आपण पुष्कळ केला आहे.

शिवाय प्लास्टरलाच एका चांगल्या पट्टीची गरज आहे, आणि नॅनोतंतूंचं खरं ठिकाण मला तिथे दिसतं. प्लास्टर साधारण आठवड्यानं बदलतात. तेवढे दिवस आतली पट्टी उघडून बघता येत नाही. रायपूरचा मे महिना 44-45 अंशांचा असतो, पाय आत घामेजतो, लस येत राहते, आणि सात दिवसांनी कापल्यावर जो वास येतो त्यानं रुग्णच पुढच्या प्लास्टरला नाही म्हणतो. मला हवी असलेली पट्टी अशी आहे: सात दिवस जागची हलू नये, लस शोषून कडेची कातडी भिजवून पांढरी करू नये, वजनाखाली गोळा होऊन स्वतःच खड्यासारखी टोचू नये, आणि काढताना काही उपटून आणू नये. जंतुसंसर्ग वाढला तर प्लास्टरच्या बाहेर कळेल अशी काही खूण देता आली तर ती प्राण वाचवेल. पापुद्र्याइतकी पातळ वस्तू इथे अगदी चपखल बसते, कारण जाड पट्टी प्लास्टरच्या आत दाबाचं नवं ठिकाण तयार करते. पेपरांत मात्र पट्टीची ताण सहन करायची ताकद मोजलेली दिसते, साठ किलो वजनाखाली पाच हजार पावलांनंतर तिचं काय होतं हे क्वचित दिसतं.

कच्चा माल तर चांपाच्या दारात आहे. चांपा कोशाच्या, म्हणजे तसर रेशमाच्या, विणकामासाठी नावाजलेलं गाव. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ढिवर लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जे किडे वाढवतात आणि ज्यांच्या धाग्यातून करवती साड्या विणल्या जातात, तेच हे रेशीम. तसरच्या फायब्रॉइन प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन आणि अॅस्पार्टिक आम्ल यांचा एक क्रम येतो. पेशी आपला हात तिथे अडकवतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. आयआयटी खरगपूरमध्ये सुभाष कुंडू यांच्या गटानं या प्रथिनावर बरीच वर्षं काम केलं आहे. ज्या कोशातून पतंग बाहेर पडला आहे त्याचा सलग धागा निघत नाही, तो कमी भावानं जातो. प्रथिन मात्र त्यातही तेवढंच असतं. अडचण अशी की तसर सहजी विरघळत नाही, आणि जे द्रावक त्याला विरघळवतात त्यांचा अंशही जखमेत राहून चालत नाही. हा रसायनशास्त्राचा खराखुरा, कठीण प्रश्न आहे. रायपूरच्या विद्यार्थ्यानं पाच वर्षं घालवावीत असा.

सुश्रुतानं पट्टीच्या द्रव्यांच्या यादीत कापूस, लोकर यांच्याबरोबर रेशीमही दिलं आहे. ते वाचून छाती फुगवायचा मोह होतो. पण त्याच अध्यायात कुष्ठाच्या, भाजलेल्या आणि मधुमेही पिडकांच्या व्रणाला पट्टी बांधू नये असंही तो सांगतो. त्याच्या कुष्ठात आजचा कुष्ठरोग आणि इतर त्वचारोग दोन्ही येतात, तरी नेमके आपले दोन रुग्ण त्यानं वगळले आहेत. त्याच्या काळी उन्हाळ्यात झाकलेली सडकी जखम जिवावर बेतत असणार. जुन्या ग्रंथातून प्रश्न घ्यावेत, उत्तरं आज तपासून घ्यावीत.

औषध भरायच्या घाईबद्दलही बोललं पाहिजे. चांदीचे कण, प्रतिजैविकं, हळदीतलं कर्क्युमिन, सगळंच तंतूत घालून पाहिलं जातं, कारण त्यानं शोधनिबंध नवा होतो. पण मार्गदर्शक सूचना सांगतात की केवळ जखम भरावी म्हणून जंतुनाशक पट्ट्या सरसकट वापरू नयेत. त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि प्रतिकारक्षम जंतूंचं संकट डोक्यावर आहेच. साधी पट्टी भारतात 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते. तीत औषध भरलं की परवान्याची वाट लांबते आणि किंमत चढते. पहिली पट्टी बिनऔषधी, नुसत्या चांगल्या विणीची का असू नये?

म्हणून रायपूरकडून मागणी करायची ती अशी. एम्सच्या अस्थिरोग आणि मधुमेह विभागातले डॉक्टर, चांपासारख्या वसाहतीत रोज जखमा धुणारे कार्यकर्ते आणि तंतू काढणारे संशोधक यांनी पहिलं द्रावण ढवळायच्या आधी एकत्र बसावं. ज्यांचे पाय आहेत त्यांनाही त्या बैठकीत खुर्ची असावी, कारण प्लास्टरमध्ये रोवणीचे दिवस कसे काढायचे हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. मग चाचणी घ्यावी: दोन्ही गटांना प्लास्टर, एका गटाला आत गॉज, दुसऱ्याला नॅनोतंतू. किती जखमा भरल्या हे मोजावंच, शिवाय दवाखान्याच्या खेपा किती वाचल्या, मजुरी किती बुडली आणि प्लास्टर अर्ध्यावर किती जणांनी काढून टाकलं हेही मोजावं. मोजणी जखम मिटल्यावर थांबवू नये. भरलेल्या मधुमेही जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षाच्या आत पुन्हा उघडतात. तेव्हा जखम भरलेल्या प्रत्येकाला त्या दिवशीच मऊ रबराची एमसीआर चप्पल पायाचं माप घेऊन द्यावी, ती झिजली की दुसरी द्यावी, तिचा खर्च पट्टीच्या खर्चातच धरावा आणि वर्षभरानंतर तोच तळवा पुन्हा उलटा करून पाहावा.